माल्टा: आधी वारा बघा, मग दिवस ठरवा

दर्यावर्दी (धागाकर्ता)

माल्टाबद्दल विचारणा वाढली आहे आणि प्रश्न बहुतेक तेच असतात: किती दिवस, कुठला किनारा, गोझोला मुक्काम करावा का. म्हणून एकाच ठिकाणी सगळं जमा करू. जाणकारांनी भर घालावी.

सिसिलीच्या दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर ही बेटं आहेत. माल्टा, गोझो आणि चिमुकलं कोमिनो मिळून क्षेत्रफळ फक्त ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. त्यामुळे लोक समजतात की तीन दिवसांत सगळं उरकेल. अंतरं छोटी आहेत हे खरं, पण रस्ते अरुंद, गर्दी भरपूर आणि बस थांबत थांबत जाते. पाच पूर्ण दिवस हाताशी ठेवा, गोझोला एक रात्र काढणार असाल तर सहा.

माझं म्हणणं एवढंच की दिवसनिहाय बेत आधीपासून बांधू नका. हायपोजियम या जमिनीखालच्या प्राचीन दफनभूमीचं तिकीट ज्या दिवसाचं मिळेल तो दिवस पक्का. बाकी सगळं वाऱ्याची दिशा बघून आदल्या रात्री ठरवा. बेट इतकं लहान आहे की एका अंगाला समुद्र खवळलेला असतो तेव्हा दुसऱ्या अंगाला बहुधा तळ्यासारखा असतो.

तीन वारे लक्षात ठेवा. वायव्येचा तो माजिस्त्राल, वर्षभरात सर्वांत जास्त हाच वाहतो. तो असला की गोल्डन बे आणि आइन तुफ्फिहा या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात. अशा दिवशी आग्नेयेला सेंट पीटर्स पूल हा पोहण्याचा नैसर्गिक डोह गाठा, गोझोवर असाल तर कोमिनोसमोरची होन्दोकची खाडी. ईशान्येचा तो ग्रिगाल, बहुतेक हिवाळ्यात येतो. तेव्हा मेल्लीहाची आदिरा चौपाटी बिघडते आणि गोल्डन बे शांत असतो. आग्नेयेचा तो श्लोक: दमट, गरम, कधी सहारातली धूळ घेऊन येणारा. तेव्हाही पश्चिमेला जा.

वारा पडला म्हणजे समुद्र लगेच शांत झाला असं नाही. लाट आणखी एक दिवस रेंगाळते. आइन तुफ्फिहा आणि गोझोची रामला इथे पाणी आत ओढतं, लाल निशाण असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. पोहता न येणाऱ्यांसाठी आदिरा सर्वांत बरी, कारण तिथे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच असतं.


तटबुरूज

वाऱ्याचा मुद्दा इतिहासातही तसाच लागू आहे. 'मार्साश्लोक' या गावाच्या नावात मार्सा म्हणजे बंदर आणि श्लोक म्हणजे तोच आग्नेयेचा वारा. शब्द कानाला आपला वाटतो, अर्थ मात्र वेगळा. १५६५ साली सेंट जॉनच्या सरदारांच्या संघाकडून (तेव्हा बेट त्यांच्या ताब्यात होतं) माल्टा घ्यायला आलेल्या उस्मानी, म्हणजे तुर्की, आरमाराने इथेच नांगर टाकले. बंदर श्लोकाला उघडं पडतं, म्हणून आरमारप्रमुख पियाले पाशाला जहाजं उत्तरेच्या मार्सामशेत्त खाडीत हलवायची होती. त्या खाडीच्या तोंडावर सेंट एल्मोचा किल्ला. म्हणून सरदारांचं बिर्गू गावातलं मुख्य ठाणं सोडून तोफा आधी या छोट्या किल्ल्यावर लागल्या. काही दिवसांत पडेल असा हिशेब होता, तो जवळजवळ महिनाभर लढला आणि २३ जूनला पडला. तुर्गुत रईससारखा कसलेला दर्यासारंग तिथेच कामी आला. तो गेलेला महिना पुढे फार महागात पडला आणि सप्टेंबरात वेढा उठला.

हे सगळं समजून घ्यायला राजधानी व्हॅलेटातल्या अपर बराक्का बागेत उभे राहा. समोर पाण्यापलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला आणि बिर्गू, उजवीकडे सेंग्लिआ, डाव्या हाताला भूशिराच्या टोकाशी सेंट एल्मो. दुपारी १२ आणि ४ वाजता खालच्या मोर्चावरून तोफ उडते. कठड्याशी जागा हवी तर वीस मिनिटं आधी पोहोचा.

व्हॅलेटा वेढ्यानंतरचं शहर, पायाभरणी २८ मार्च १५६६ ची. गड बघणाऱ्यांनी शहराच्या वेशीवरच्या पुलावर थांबून खाली खंदकात जरूर बघावं. तटाचा खालचा भाग बांधलेला नाही, जागचा खडकच उभा तासलेला आहे. छिन्नीच्या तिरक्या खुणा वर वर जातात आणि एका रेषेपाशी संपून चिऱ्यांचे सांधे सुरू होतात. ती रेषा नजरेने शोधत तटाच्या कडेने चला. खंदकातून निघालेला दगड बांधकामाला, आणि घराखाली खोदलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं. आपल्या गडांवर टाकं खोदायचं आणि तोच दगड तटाला लावायचा, तसाच हा हिशेब. बेटावर नदी नाही, पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. वेढ्यात टिकायचं तर टाक्यांशिवाय गत्यंतर नव्हतं.


मधुमालती

जूनमध्ये सासूबाई-सासरे बरोबर आहेत. दोघांनाही गुडघ्यांचा त्रास. व्हॅलेटात पायऱ्यांचे रस्ते आहेत असं वाचलं. जमेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत.


दर्यावर्दी

मधुमालतीताई, जमेल, फक्त चालण्याची दिशा नीट निवडा. रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट हे लांबीचे रस्ते वेशीपासून बऱ्याच अंतरापर्यंत सपाट आहेत, शेवटी सेंट एल्मोकडे उतार लागतो. त्यांना छेदणारे आडवे रस्ते खाली समुद्राकडे कोसळतात, पायऱ्या तिथेच आहेत. सपाट भागात फिरा. बंदराकडे उतरायला अपर बराक्काची उद्वाहक (लिफ्ट) आहे, ५८ मीटर उंचीची. ती थेट धक्क्याच्या पातळीवर सोडते आणि तिथूनच बिर्गूकडची फेरीबोट मिळते. परतताना बोटीचं तिकीट जपून ठेवा, उद्वाहकेला ते चालतं.

हायपोजियममध्ये जमिनीखाली अरुंद, ओलसर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना ते झेपणार नाही. हाजार ईम हे प्राचीन दगडी देऊळ सपाटीवर आहे, ते जरूर दाखवा. तिथून इम्नायद्रा या दुसऱ्या देवळाकडे जाणारी पाचशे मीटरची वाट उतरणीची आहे आणि येताना तोच चढ, सावली कुठेही नाही. जूनमध्ये सकाळी उघडताच जा.


पावपोळी

शाकाहारी मंडळींसाठी.

पास्तित्सी: पापुद्र्याची करंजी म्हणा, दोनच मुख्य प्रकार. रिकोटा चीजची शंकरपाळ्यासारखी दोन्ही टोकांना निमुळती, वाटाण्याची अर्धगोल, कडेला मुडपलेली. हा ठरलेला संकेत आहे, आकारावरूनच सारण कळतं. पापुद्र्यात मार्गारिन असतं किंवा डुकराची चरबी. हा प्रश्न दरवेळी विचारायचाच, सारण शाकाहारी म्हणून गाफील राहू नका. गरम असेल तरच घ्या, गार झाली की वातड होते.

होब्झ बिझ-झेय्त: पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल, केपर, ऑलिव्ह. त्यात ट्युना बहुतेक वेळा असतोच, म्हणून मागवतानाच 'ट्युना नको' म्हणा. ताटलीत आल्यावर वेचून काढता येत नाही.

बिगिल्ला: वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची लसूण-मिरची घातलेली चटणी. आपल्या जिभेला लगेच पटते. कापुनाता म्हणजे वांगं, टोमॅटो, भोपळी मिरचीची भाजी. इमारेत म्हणजे खजुराचं सारण भरून तळलेल्या वड्या, बडीशेपेसारखा वास, गरमच खायच्या. किन्नी हे कडू संत्र्याचं पेय पहिल्या घोटाला कडवट लागतं.

मासे खाणाऱ्यांनी ऑगस्टअखेर ते डिसेंबर या काळात लाम्पुकी मागावा. कोळी ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात नांगरून ठेवतात. सावलीला मासे जमतात आणि मग जाळं टाकतात. मार्साश्लोकचा मासळीबाजार रविवार सकाळचा, दहाच्या आत पोहोचा, नंतर कपड्यांच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या टपऱ्याच जास्त दिसतात. तिथल्या लुत्सू होड्यांच्या नाळेवर दोन डोळे कोरलेले असतात, ते बघायला विसरू नका.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. त्यात समुद्राचं पाणी गोडं करून मिसळलेलं असल्यामुळे चव मचूळ लागते, चहा बिघडतो. चहापुरती बाटली आणा.


शिळाप्रेस

हायपोजियमबद्दल सविस्तर लिहितो, कारण हात हलवत परतणारे सर्वांत जास्त इथेच असतात.

पाओला गावात रस्त्याखाली तीन मजले खोल खोदलेली ही दफनभूमी, इसवी सनापूर्वी साधारण ४००० ते २५०० या काळातली. १९०२ साली घरांसाठी पाण्याचं टाकं खोदणाऱ्या गवंड्यांनी तिचं छत फोडलं, म्हणजे ती सापडली तीही टाक्यामुळेच. आतल्या छतांवर लाल गेरूने काढलेली वेलबुट्टीची वर्तुळं आहेत. माणसांच्या श्वासातला कर्बवायू आणि दमटपणा या गेरूला मारक ठरतो. म्हणून दिवसाला ८० माणसंच आत सोडतात, एका वेळी १०.

क्रम असा ठेवा:

विमानाचं तिकीट काढण्याआधी हेरिटेज माल्टाच्या संकेतस्थळावर हायपोजियमच्या तारखा बघा. उन्हाळ्यासाठी दोन-तीन महिने आधीच जागा संपतात. चार जणांच्या कुटुंबाला एकाच फेरीत जागा मिळत नसेल तर दोन-दोन करून लागोपाठच्या फेऱ्या घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.

ऑनलाइन संपलं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या ठरावीक फेऱ्यांची थोडी तिकिटं आदल्या दिवशी सेंट एल्मोच्या खिडकीवर विकतात. महाग असतात आणि प्रत्यक्ष जाऊनच घ्यावी लागतात. किल्ला उघडण्याआधी रांगेत असणं बरं.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी दारात हजर राहा. उशीर झाला की प्रवेश नाही, पैसेही परत नाहीत. बस वेळेवर येईल असं धरू नका, एक बस आधीची पकडा. दार साध्या घरांच्या ओळीत आहे आणि पाटी लहान, पहिल्यांदा जाणारे पुढे निघून जातात. कॅमेरा, मोबाइल, पिशव्या बाहेर ठेवतात.

उघड्यावरच्या देवळांत एक फरक जवळून बघण्यासारखा आहे. हाजार ईम बांधलं ते मऊ ग्लोबिजेरिना चुनखडीत. तिच्यात कोरीव काम सहज होतं, पण खारा वारा तिला पोखरतो, बाहेरच्या शिळा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झाल्या आहेत. इम्नायद्राच्या बाहेरच्या भिंती टणक कोरल चुनखडीच्या, म्हणून त्यांच्या कडा अजून शाबूत. आतल्या मऊ दगडाच्या चौकटींवर हजारो बारीक खळगे ठिपक्या-ठिपक्यांनी पाडलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या प्रत्येक खळग्यात सावली भरते. दुपारी तीच चौकट सपाट दिसते. दिवस-रात्र सारखे असतात त्या संपाताच्या दिवशी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या त्या पहाटे, सूर्यकिरण इम्नायद्राच्या दक्षिण देवळाच्या मुख्य दारातून थेट गाभ्यापर्यंत जातात. दोन्ही देवळांवर २००९ साली तंबूसारखी छतं घातली, छायाचित्रं बिघडतात अशी तक्रार ऐकू येते. दगडाची झीज डोळ्यांनी बघितलेल्याला ती छतं कमीच वाटतील.


मांडवी

गोव्याहून लिहिते आहे. व्हॅलेटातल्या सेंट जॉन्सच्या चर्चबद्दल कुणी लिहिलं नाही. बाहेरून वखारीसारखी साधी भिंत, आत सोन्याचा मुलामा आणि मात्तिया प्रेतीने थेट छताच्या दगडावर रंगवलेली चित्रं. जमिनीवर सरदारांच्या समाध्यांच्या रंगीत संगमरवरी लाद्या, जवळजवळ चारशे. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, त्याने लाद्यांचे तुकडे उडतात. खांदे झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना बंद असतं.

बाजूच्या प्रार्थनागृहात चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ सालचं योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, पाच मीटरांहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकमेव ज्ञात चित्र, आणि सही आहे ती योहानाच्या मानेखाली सांडलेल्या रक्तातच. अगदी जवळ गेलात तर अंधाऱ्या जमिनीवर ती अक्षरं हरवतात. दोन पावलं मागे या आणि चित्राच्या खालच्या कडेकडे बघा. त्याच वर्षी डिसेंबरात सरदारांनी त्याला संघातून काढलं, ते याच दालनात.

आणखी एक. संघाचे काही प्रमुख पोर्तुगीज होते. व्हॅलेटातलं मानोएल नाट्यगृह व्हिल्हेना या पोर्तुगीज प्रमुखाने बांधवलं, १७३१ साली. गोव्याच्या माणसाला तिथल्या गावजत्राही ओळखीच्या वाटतील: बँड, फटाके, संताच्या मूर्तीची मिरवणूक. १५ ऑगस्टला मोस्ता गावाची मोठी. त्या दिवशी बसचे मार्ग बदलतात, तेवढं लक्षात ठेवा.


तटबुरूज

मोस्ताच्या चर्चच्या घुमटाविषयी जोडतो. ९ एप्रिल १९४२ ला बाँब घुमट फोडून आत पडला, आत तीनेकशे लोक प्रार्थनेला होते, तो फुटला नाही. त्याच महिन्यात साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, ते आजही झेंड्यावर आहे.

मुंबईचा एक खरा धागा आहे. १८७८ साली रशिया-तुर्कस्तानच्या पेचात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने साधारण सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टात उतरवले. सुएझचा कालवा होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. लढाई झाली नाही, पण हिंदी फौज युरोपात आणता येते हे साऱ्यांनी बघितलं. पहिल्या महायुद्धात माल्टाच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदी सैनिकांची नावं पिएताच्या लष्करी दफनभूमीत कोरलेली आहेत. व्हॅलेटाहून ती जवळ आहे. तिथे दहा मिनिटं उभं राहावं.


लिपीकार

पाट्या वाचण्याची युक्ती. माल्टी भाषा अरबीतून आलेली, लिपी रोमन. पाटीवर एक्स दिसला की 'श' वाचा. जे म्हणजे 'य'. क्यू म्हणजे घशातला झटका, आपण तो गिळला तरी कळतं. आडवी रेघ मारलेला एच स्पष्ट 'ह', साधा एच मूक. जी आणि रेघेचा एच जोडून आले तर दोन्ही बहुधा मूक, म्हणून 'आदिरा'. बसचालकाला गावाचं नाव इंग्रजी उच्चाराने सांगितलं की तो गोंधळतो.

शब्द ऐकून गंमत वाटेल: पुस्तक म्हणजे क्तीएब, आपला किताब. जग म्हणजे दिन्या, आपली दुनिया. कट्टर कॅथलिक देश, पण देवाला अल्ला म्हणतात आणि इस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला रान्दान.


दर्यावर्दी

लिपीकार, हे छापून खिशात ठेवावं असं आहे. आता गोझो आणि बस.

व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२, स्लीमाहून २२२ नंबरची बस धरून चिर्केव्वा, म्हणजे गोझोच्या बोटीचा धक्का. सव्वा तास धरा. बसथांब्यावर हात दाखवला नाही तर बस थांबत नाही, भरली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. म्हणून शक्यतो सुरुवातीच्या थांब्यावर चढा. एक तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात बस बदलता येते. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून तिकीट निघतं.

फेरीबोट पंचवीसेक मिनिटांची, जाताना तिकीट विचारत नाहीत, परतताना गोझोच्या इम्जार बंदरात घेतात. चिर्केव्वाला तिकिटाची खिडकी शोधण्यात वेळ घालवू नका. व्हॅलेटाहून थेट वेगबोटही आहे, पाऊण तासात पोहोचवते, पण वारा वाढला की आधी तीच रद्द होते. परतीच्या विमानाच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका.

गोझोवर ३०१ ने इम्जारहून व्हिक्टोरिया हे मुख्य शहर. तिथून सगळ्या बस फुटतात: ३०७ शाराला, ३१० मार्साल्फोर्नला, ३११ द्वेय्राला. सकाळी शाराचं जगांतिया देऊळ, इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराचं, पिरॅमिडांच्याही आधीचं. दुपारी व्हिक्टोरियाचा बालेकिल्ला. १५५१ च्या हल्ल्यात गोझोची जवळजवळ सगळी वस्ती गुलाम म्हणून नेली होती, ते आठवून वरून बेट बघा. संध्याकाळी मार्साल्फोर्नपुढची श्वेय्नीची मिठागरं. किनाऱ्याच्या खडकातच उथळ वाफे खोदलेले आहेत, उन्हाळ्यात मीठ झाडूने ओढून गोळा करतात. वाफ्यांच्या मधल्या बांधांवर पाय ठेवू नका, मऊ दगड आहे, कडा तुटतात.

द्वेय्राची 'निळी खिडकी' ही दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. जुनी छायाचित्रं बघून जाऊ नका. तिथल्या आतल्या तळ्यातून बोगद्यामार्गे समुद्रात नेणारी होडी अजून आहे, पश्चिमेची लाट नसेल तरच सुटते.

कोमिनोच्या ब्लू लगूनला २०२५ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करून वेळ घ्यावी लागते, मोफत आहे. सकाळची वेळ घ्या आणि पाणी-खाणं बरोबर न्या.


मधुमालती

सर्वांचे आभार. व्हिसा आणि जेलीफिश, एवढंच राहिलं.


पावपोळी

ताई, व्हिसा शेंगेनचाच. फी प्रौढांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कायद्याने १५ दिवस आधीपर्यंत चालतो, पण जूनसाठी मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या. प्लगचं नीट बघा: तिथे ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा लागतो. 'युरोप' लिहिलेला दोन गोल पिनांचा अडॅप्टर घेऊन गेलात तर फुकट जाईल. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात.

जांभळी जेलीफिश डसली तर गोडं पाणी, व्हिनेगर, चोळणं हे तिन्ही टाळा. कातडीला चिकटलेल्या तंतूंतल्या न फुटलेल्या नांग्या त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, खायचा सोडा आणि समुद्राचं पाणी समसमान कालवून दोन-तीन मिनिटं लावा, मग जुन्या कार्डाच्या कडेने खरवडून काढा, वरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ११२ ला फोन करा. सोड्याची छोटी पुडी पिशवीत ठेवा. किनाऱ्यावर जांभळं निशाण दिसलं तर पाण्यात जाऊच नका.


शिळाप्रेस

मधुमालतीताई, सासूबाई-सासऱ्यांना हायपोजियम बघता येणार नाही म्हणून हळहळू नका. तुम्ही आत असताना त्यांना जवळच्याच तार्शीनच्या देवळात बसवा, पायवाट सपाट आहे. तिथे दगडावर कोरलेली नागमोडी वलयं आणि एका भव्य मूर्तीचा फक्त घेरदार झगा नि पोटऱ्या उरलेल्या दिसतील.

मग सगळे मिळून व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. हायपोजियममध्ये सापडलेली 'निजलेली बाई' तिथे एका अंधाऱ्या खोलीत काचेत ठेवली आहे. मूर्ती जेमतेम १२ सेंटिमीटरची, भाजलेल्या मातीची. कुशीवर झोपली आहे, एक हात उशाशी. मागच्या बाजूला जाऊन बघा: तिच्या वजनाने बाजेचा मधला भाग खाली झोळ खातो, तोही त्या कारागिराने दाखवला आहे.